वाकड्या मानेचे पंधरा दिवस

माझ्या सासऱ्यांचं गुणगान करायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. ते काम आमच्या कामाच्या टोळीतली माणसं करतात. ती त्यांना सुईमास्तर म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. मी नऊ वर्षं त्यांच्या घरात राहते आहे. त्यातल्या गेल्या साडेसात वर्षांत आम्ही एकमेकांशी थेट बोललो ते फक्त दोनदा. घर तीन खोल्यांचं, मोरी एक, आणि त्यात असा अबोला धरायचा म्हणजे काय दिव्य असतं ते करून बघा एकदा. भाजीत मीठ कमी पडलं की ते भिंतीला सांगतात. गॅस संपला की मी कपाटाला सांगते. मधल्या मध्ये माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, दोन्हीकडे हो हो करतो आणि ट्रक घेऊन निघून जातो. कोंबडीखाद्याच्या गोण्या पोचवायचं त्याचं काम. चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी, आणि घरी असला की सुटका कधी होते याची वाट बघत असतो.

सासूबाई होत्या तोवर बरं होतं. त्या आम्हा दोघांनाही सारख्याच झापायच्या. त्या गेल्या आणि आम्हाला आवरणारं कोणी उरलं नाही.

आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोल्ट्रीच्या शेडमध्ये हजारो पिल्लं असतात. ठरलेल्या वयाला त्यांना लस टोचावी लागते, मानेच्या मागच्या बाजूला, कातडीच्या खाली. ते टोचत फिरणारी आमची पाच जणांची टोळी. दोघं पिल्लं पकडून हातात देतात, एक जण टोचलेली मोजून पलीकडे सोडतो, आणि दोघं टोचतात. त्यातले एक सासरे, दुसरी मी. टोचायच्या यंत्राला आम्ही बंदूक म्हणतो. वर लशीची बाटली उलटी लावलेली असते, घोडा दाबला की नेमका डोस आत जातो. दिवसाला एकेका हातून तीन हजार पिल्लं जातात. संध्याकाळी अंगठा इतका सुजतो की साडीची पिन लावता येत नाही.

सासरे या कामात सतराव्या वर्षी आले, खुराडी धुवायला. तिथून लशीच्या बाटल्या बर्फात ठेवायला, तिथून पकडायला आणि मग टोचायला. तीस वर्षं बंदूक धरली त्या माणसाने. पिल्लू नुसतं तळहातावर घेऊन वजन सांगतात, आणि काट्यावर ते तेवढंच भरतं. स्वभाव म्हणाल तर नाकाच्या शेंड्यावर राग. कोणाला कधी बरं म्हणणं त्यांच्या पत्रिकेत नाही. अकरा जणांना त्यांनी काम शिकवलं आणि अकराही जण त्यांच्या नावाने बोटं मोडत शिकले. प्राणिमात्रांवर दया वगैरे काही नाही हं, गैरसमज नको. कोंबडी ताटात आली की हाडं चोखून स्वच्छ करतात.

लग्नानंतर दीड वर्षाने मी टोळीत आले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली बंदूक काढून घेतली. मी कातडी दोन बोटांत धरत होते, तीन बोटांत धरायला हवी होती. एवढंच. नीट सांगितलं असतं तर ऐकलं नसतं का? पण नाही. सगळ्या टोळीसमोर, शेडच्या मालकासमोर त्यांनी मी टोचलेली तीनशे पिल्लं परत पकडायला लावली आणि एकेक तपासली. वर म्हणाले, "हिच्या हाताला घाई आहे. ही घाई एक दिवस कोणाचा तरी जीव घेणार." तीनशेतलं एकही पिल्लू वाईट निघालं नव्हतं. ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. त्यांनी विचारलंही नाही की का.

आता मुद्द्यावर येते. दीड वर्षांपूर्वीची गोष्ट.

चार नंबरच्या शेडमध्ये सहा आठवड्यांची पिल्लं होती. दुपारी वीज गेली, पंखे थांबले, आणि पिल्लं चोची उघडून धापा टाकायला लागली. मॅनेजर दारात उभा राहून ओरडत होता, लवकर उरका, माल मरेल. पकडणारा पिल्लू देतो ते डोकं समोर करून. आम्ही ते हातात घेताना फिरवून घेतो, डोकं आपल्याकडे, शेपटी समोर. म्हणजे सुई डोक्याकडून पाठीकडे जाते, मोकळ्या कातडीत. हे फिरवणं अर्ध्या क्षणाचं काम आहे. पण हजार पिल्लांचे अर्धे क्षण म्हणजे पाव तासाच्या आसपास जातात. मी फिरवणं सोडून दिलं. तास-दीड तास मी पिल्लं उलटीच टोचली, सुई डोक्याच्या दिशेने. सासऱ्यांची पाठ माझ्याकडे होती. माझ्या बाजूची पिल्लं त्यांच्या आधी संपली आणि मॅनेजर मला शाबास म्हणाला. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी शेडवरून बोलावणं आलं. बेचाळीस पिल्लांच्या माना मुरगळल्या होत्या. काही छताकडे बघत होती, काहींची चोच पोटाखाली गेली होती, काही मागे मागे चालत भिंतीला जाऊन आपटत होती. कोणी काही सांगायच्या आधी मला कळलं होतं की हे माझं आहे.

मॅनेजरने एकेकाला ऑफिसात घेतलं. माझी पाळी आली तेव्हा त्याने सरळ विचारलं, कोणाचा हात बिघडला आहे? मी म्हणाले, "मामंजींचा हात हलतो हल्ली."

ते खोटं नव्हतं. चहाची बशी धरली की त्यांचा उजवा हात थरथरतो, चहा सांडतो, लेंग्यावर डाग पडतात, आणि ते डाग मी घासते. पण बंदूक हातात आली की तोच हात दगड होतो, हेही मला माहीत होतं. मॅनेजरने ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सासरे आत गेले ते अर्धा तास बाहेर आले नाहीत. मग नवऱ्याकडून कळलं की त्यांनी मॅनेजरशी हुज्जत घातली. म्हणाले, मानेत औषधाची गाठ झाली असेल तर ती उतरते आणि मान सरळ होते, मी पाहिलेलं आहे. सुई हाडाशी गेली असेल तर मात्र नाही होणार. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, पंधरा दिवस. बेचाळीस बाजूला ठेवतो. त्यातलं एक घरी घेऊन जा, हाताने भरव. ते सरळ झालं तर सगळीच ठेवतो आणि विषय संपला. नाही झालं तर सगळी मारून टाकीन, आणि मला एक नाव पाहिजे. ज्याचं नाव त्याने पुन्हा आमच्या कुठल्याच शेडच्या दारात उभं राहायचं नाही. तोवर टोळीचं काम बंद.

त्या पोल्ट्रीच्या सहा शेड म्हणजे आमचं सगळं काम. नाव आलं की माणूस या धंद्यातून उठलाच. बातमी पसरायला वेळ लागत नाही.

असं ते पिल्लू आमच्या घरी आलं, लशीच्या थर्माकोलच्या खोक्यातून. सासऱ्यांनी खोकं आणून कुठे ठेवावं? माझ्या ओट्याखाली. माझी कणकेची परात तिथे असते. परात त्यांनी उचलून फ्रिजवर ठेवली, खोक्यावर दिवा लटकवला, माझा धुतलेला टॉवेल गुंडाळून त्याची वळकटी केली आणि ती पिल्लाच्या मानेला लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॉवेल नवा होता.

"काय रे," ते पिल्लाला म्हणाले, "इथे कोणाला तुझा वास येत असेल तर त्यांनी नाकाला पदर लावावा."

मी पिल्लाजवळ जाऊन बसले आणि पिल्लालाच सांगितलं की बाळा, वास तुझा नाही. भिंत आणि कपाट सुटलं, आता बोलायला पिल्लू मिळालं.

काम बंद, नवरा बाहेर, आणि आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर. ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. ते उठायच्या आत मी स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचे. ते मुद्दाम मी फोडणी घातली की खोकं बाहेर काढायचे, पिल्लाला धूर लागतो म्हणून. मी झाडायला लागले की त्यांना तिथेच मांडी घालून बसायचं असायचं. दिवसातून दहा वेळा ते पिल्लाचं डोकं दोन बोटांनी हळूच सरळ करायचे आणि तसंच धरून ठेवायचे, मिनिटभर, दोन मिनिटं. बोटं काढली की डोकं परत वळायचं, डोळा छताकडे. ते परत धरायचे. कंटाळा नाही, वैताग नाही. सख्ख्या बायकोच्या आजारपणात या माणसाने इतकी चिकाटी दाखवली असती तर, असं मी मनात म्हणायचे.

भरवणं मात्र त्यांना जमेना. खाद्य पाण्यात पातळ कालवून ड्रॉपरने चोचीच्या कडेला सोडायचं असतं, थेंब थेंब. मध्ये सोडलं तर श्वासात जातं आणि पिल्लू गुदमरतं. बंदुकीवर दगड होणारा हात या नखाएवढ्या ड्रॉपरवर थरथरायला लागला. तिसऱ्या दिवशी थेंब नाकात गेला. पिल्लू तडफडलं, चोच उघडून मिटून निळं पडायला आलं. त्यांनी ते उलटं धरून झटकलं तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मी ड्रॉपर त्यांच्या हातातून ओढून घेतला. दया आली म्हणून नाही. पिल्लू मेलं तर मॅनेजर नाव मागणार होता, आणि तेव्हा मला खात्री होती की नाव त्यांचंच जाणार. मग मी ड्रॉपर का घेतला, असं तुम्ही विचाराल. तेव्हा मलाही उत्तर माहीत नव्हतं. समोर कोणी काम वाईट करत असेल तर मला बघवत नाही, एवढंच म्हणेन. ही खोड मला त्यांनीच लावली.

पाचव्या दिवशी सगळं बदललं. मी पिल्लाला भरवत होते आणि मानेवरची पिसं ओली झाली म्हणून फुंकर मारून बाजूला केली. खपली दिसली. सुईची जागा मानेच्या मध्यावर होती आणि गाठ होती तिच्या वर, डोक्याच्या बाजूला. सुई पाठीकडे गेली असती तर गाठ खाली झाली असती. शिकाऊ पोरालाही कळेल इतकं ते स्पष्ट होतं. टोळीत त्या दिवशी बंदुका दोनच होत्या, आणि सासरे तीस वर्षांत पिल्लू उलटं धरत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि ती पिसं ते दिवसातून दहा वेळा बाजूला करत होते. शेडवरच बेचाळीसमधून हे एक निवडताना त्यांनी केली असणार. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. आणि तरी हा माणूस गप्प.

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते दारात बसून दाढी करत होते, आरशात बघत.

आता माझी झोप उडाली. मला वाटलं, म्हाताऱ्याने हुकमाचं पान राखून ठेवलं आहे. पंधराव्या दिवशी मॅनेजरसमोर पिसं बाजूला करून दाखवणार आणि सगळ्या टोळीसमोर म्हणणार, बघा, मी सांगितलं नव्हतं का, हिच्या हाताला घाई आहे. तेवढ्यासाठीच तर हे ध्यान घरी आणलं. मला रोज डोळ्यांसमोर माझाच गुन्हा भरवायला लावतो आहे. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. आणि गंमत बघा, गुन्हा माझा आणि राग त्यांचा.

मग मी पिल्लाच्या मागे हात धुऊन लागले. ते सरळ झालं की विषय संपणार होता, नाव निघणारच नव्हतं. शेडवरची ताकदीच्या थेंबांची बाटली मी पाण्यात मोजून घालायला लागले. टॉवेलची वळकटी लहान केली. डोकं सरळ धरायचं कामही मी घेतलं. दुपारी एक ते दोन सासरे धरायचे, दोन ते तीन मी. आमच्या पाळ्या लागल्या, एकमेकांशी एक शब्द न बोलता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं किती गुण्यागोविंदाने नांदतात.

नवव्या दिवशी पिल्लू वाटीतून स्वतः पाणी प्यायलं. तिरकंच, पण प्यायलं. "शहाणा आहेस," सासरे त्याला म्हणाले. मला जळजळलं. साडेसहा हजार दिवस काम केलं असतं तरी मला तो शब्द मिळाला नसता.

अकराव्या दिवशी नवरा घरी आला. मी त्याला मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं. उलट्या पिल्लांपासून गाठीपर्यंत. त्याने ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि म्हणाला, मला यात ओढू नका. असा नवरा. पण जाताना दारात थांबून एक वाक्य बोलला. म्हणाला, तू नाव घेतलंस हे बाबांना मॅनेजरने त्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हणजे तेही माहीत. सगळंच माहीत. मी मोरीत जाऊन भांडी आपटून आपटून घासली. सासऱ्यांनी पिल्लाला विचारलं, आज घरात कोण कोणावर सूड घेतं आहे?

पंधराव्या दिवशी सकाळी पिल्लाने मान बऱ्यापैकी सरळ धरली होती. शांत असलं की सरळ, दचकलं की उजवीकडे कलती. सासऱ्यांनी त्याला शेडच्या रस्त्यावर छातीशी धरलं होतं. खोक्यात ठेवायला तयार नव्हते. मी चार पावलं मागून चालत होते. टोळीतले तिघं आधीच येऊन भिंतीला टेकून उभे होते, मीही त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

मॅनेजर बाहेर आला. सासऱ्यांनी पिल्लू जमिनीवर ठेवलं. ते उभं राहिलं, दोन पावलं चाललं, सरळ. माझा जीव भांड्यात पडला. सासरे म्हणाले, अजून चार दिवस द्या, पूर्ण होईल. मॅनेजरने काय करावं? बघू म्हणून खाली वाकून त्याने पिल्लाला मानेलाच धरून उचललं. पिल्लाने फडफड केली. त्याने खाली टाकलं तेव्हा डोकं पार पाठीवर गेलेलं, चोच वर, आणि ते गोल गोल फिरायला लागलं.

"हे सरळ?" मॅनेजर म्हणाला. "पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. नाव सांगा."

सासऱ्यांनी पिल्लू उचललं. त्यांनी पिसं बाजूला केली असती तर दोन क्षणांत निकाल लागला असता. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं मानेवर होती, डोकं सरळ धरून. एक पाऊल पुढे टाकून मी बोलू शकत होते. पाऊल तर लांबच, मी भिंतीला आणखी चिकटले.

"माझं," ते म्हणाले. "हात हलतो माझा. सूनबाईने सांगितलं ते बरोबर आहे."

भिंतीजवळच्या तिघांनी माना खाली घातल्या. मॅनेजर म्हणाला, वाईट वाटतं मास्तर, आणि आत गेला. त्याला वाटलंही असेल. तासाभरात शेडच्या मागे बाकीची एकेचाळीस मारली.

फाटकाबाहेर सासरे थांबले आणि वळून माझ्याशी बोलले. सहा वर्षांनी पहिल्यांदा, पिल्लाला मध्ये न घेता.

"तू आवडतेस म्हणून केलं नाही मी हे. माझा हात आणखी दोन वर्षं चालेल, तुझा वीस. टोळीला हात लागतो. आणि पिल्लू फिरवून घेत जा. नाही घेतलंस तर तुझं नाव मी स्वतः येऊन सांगेन."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बंदूक माझ्याकडे आली, सुईमास्तरांची जागाही माझ्याकडे आली. ते घरी.

आणि त्या पिल्लाचा दळभद्रीपणा बघा. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ते खोक्यातून उडी मारून बाहेर आलं आणि मान ताठ करून माझ्या स्वयंपाकघरात चालायला लागलं. चार दिवस. मागितले होते तेवढेच चार दिवस लागले. मी मुद्दाम ताटली आपटली. दचकलं, पण मान कलली नाही.

सासरे दारात उभे राहून बघत होते. मला राहवलं नाही.

"मी शेडवर जाते आणि सांगते," मी म्हणाले. त्यांनाच म्हणाले, त्यांच्या तोंडाकडे बघून. "हे घेऊन जाते, गाठीची खूण दाखवते. त्या दिवशी पिल्लं मी उलटी टोचली. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

ते खाली बसले आणि पिल्लापुढे वाटी सरकवली. सरकवताना पाणी सांडलं.

"बोलायचं तेव्हा भिंतीला चिकटून उभी राहिलीस," ते म्हणाले. "आता जाऊन बोललीस तर मी खोटा ठरतो. तीस वर्षांत मी त्या शेडवर एकदाच खोटं बोललो आहे. तेवढं तरी टिकू दे."

मी डबा भरला आणि कामाला गेले. त्यानंतर ते माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत.

त्याला दीड वर्ष होऊन गेलं. संध्याकाळी मी येते, ते दार उघडतात आणि बाजूला होतात. शेडवर नवीन माणूस आला की त्याला कोणी ना कोणी सांगतंच, इथे एक सुईमास्तर होते, फार नाव होतं त्यांचं, शेवटी हात गेला आणि बेचाळीस पिल्लांच्या माना मोडल्या. मी तिथेच असते, बंदुकीत बाटली बसवत.